पोट आत ओढू नका

नागपूरच्या धरमपेठेतल्या बेली डान्सच्या क्लासला मी पहिल्यांदा गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. मांड्या झाकणारा ढगळ टी-शर्ट घालून मागच्या ओळीत उभी राहायचे. महिनाभर ताई काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस जवळ येऊन म्हणाल्या, "तुझी कंबर फिरते की नाही तेच मला दिसत नाही. टी-शर्टला गाठ मार." मी गाठ मारली. पोट उघडं पडलं आणि मी ते लगेच आत ओढून घेतलं. पुढची पंधरा मिनिटं एकही शिमी, म्हणजे कंबरेची थरथर, नीट आली नाही.

आता मीच नवीन मुलींना शिकवते आणि तेच पोट रोज बघते. ते आत ओढून धरलं की श्वास छातीत अडकतो, कंबर ताठ होते, गुडघ्यांतून उठणारी थरथर मांड्यांपाशीच विरते. पोटाची लाट तर निघतच नाही, तिला सैल पोट लागतं. म्हणून पहिले दोन आठवडे मी फक्त एवढंच करून घेते: आरशासमोर उभं राहायचं, श्वास सोडायचा, पोट सुटू द्यायचं आणि त्याच पोटाने नाचायचं. प्रेक्षकांना तुमची चरबी दिसत नाही असं मी कोणाला सांगत नाही. दिसते. पण ती लपवण्याची धडपड लांबून जास्त दिसते. खांदे पुढे येतात, हात सारखे पोटासमोर जातात, बेल्ट वर ओढला जातो.

माझ्या पोटावर उजवीकडे अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण आहे. कंबरेवर वयात येताना उमटलेल्या पांढऱ्या रेघा आहेत. दोन्हींचा आता त्रास होत नाही. मला सगळ्यात जास्त छळलं ते काळ्या पडलेल्या काखांनी. नाचताना हात वर जाणारच, आणि हात वर गेला की माझं लक्ष तिकडेच. एका मेडिकलवाल्याने गोरं करणारी क्रीम दिली, चिठ्ठी मागितली नाही. तीन आठवड्यांत रंग खरंच उजळला. दुसऱ्या महिन्यात काखेत आग व्हायला लागली, कातडी पातळ होऊन लाल रेघा उठल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन मागचा मजकूर वाचून दाखवला. त्यात स्टेरॉइड होतं. त्या रेघा अजून आहेत. अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी काउंटरवर मागितल्या की मिळतात. शोच्या आधी "काहीतरी लाव" म्हणून कोणी ट्यूब पुढे केली, तर आधी घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर परत ठेवा. काळेपणा अनेकदा घासण्याने आणि सारख्या रेझरने येतो. मानेलाही तसाच मखमली काळेपणा असेल आणि वजन वाढत असेल, तर रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. ते क्रीमचं काम नाही.

आता ड्रेसबद्दल. मोकळेपणा मनातून यायला हवा असं सगळे सांगतात. माझा मोकळेपणा अर्ध्याहून जास्त हुकांतून आला. ब्रा सुटेल ही भीती डोक्यात असेल तर कोणतीही हिंमत टिकत नाही, आणि कटदाणा-टिकल्यांनी भरलेली ब्रा चांगलीच जड असते. तयार ब्राच्या पाठपट्टीवर विसंबू नका. ती काढून जाड, न ताणणाऱ्या कापडाची पट्टी लावून घ्या. एका हुकाच्या जागी दोन मोठे हूक, दुहेरी दोऱ्याने हाताने टाचलेले, आणि वरून एक सेफ्टी पिन. मानेमागे बांधायच्या पट्ट्यांनी सगळं ओझं मानेवर येतं, त्यापेक्षा पाठीवर फुली करून घ्या. आतून सुती अस्तर लागतंच, नाहीतर काखेखाली टिकल्या घासून सालटी निघतात. सामान आम्ही इतवारी-गांधीबागेतून आणतो. आमच्या टेलर काकांना पहिला ड्रेस समजवताना मी लाजेने अर्धवट मापं सांगितली आणि ब्रा दोनदा उसवावी लागली. माप देताना हात वर करून, मागे वाकून द्या. उभं राहून घेतलेलं माप नाचताना खोटं ठरतं.

घरी पूर्ण ड्रेस घालून निदान तीनदा नाचा. बसा, वाका, गोल फिरा, पूर्ण गाणं करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना आम्ही सकाळी सहाला सराव करतो, तरी पाठीवर घामोळ्या येतात. कूलरची दमट हवा त्यात भर घालते. ड्रेस काढला की लगेच अंघोळ करा आणि अंग पूर्ण कोरडं करा. वॅक्सिंग शोच्या दोन दिवस आधी करा. त्याच दिवशी केलंत तर घाम लागून पुळ्या उठतात. आणि नाही केलंत तरी चालतं. तिसऱ्या रांगेतून हातावरची लव दिसत नाही, हे मी स्वतः तिथे बसून बघितलं आहे.

ज्यांना पोट उघडं ठेवायचंच नाही त्यांनी जाळी लावावी, आणि त्यात काही कमीपणा मानू नये. ब्रा, बेल्ट आणि घागऱ्याचा हा पोशाख मुळात रंगमंचासाठी घडलेला आहे. कैरोत नर्तकी बदिया मसाबनीने १९२६ मध्ये आपलं कॅसिनो, म्हणजे नाचगाण्याचं थिएटर, सुरू केलं. ताहिया कॅरिओका आणि सामिया गमाल या नर्तकी तिथल्याच रंगमंचावरून पुढे आल्या आणि हा पोशाख त्या काळात रुळला. पुढे इजिप्तमध्येच नर्तकींनी पोट जाळीने झाकावं असा नियम आला. म्हणजे ज्यांनी हा नाच जगाला दाखवला त्यांनीही जाळी लावून तो केला.

अडचण जाळीच्या रंगाची असते. दुकानात "स्किन कलर" मागितला की फिकट गुलाबीसर जाळी समोर येते. ती स्किन आमच्यापैकी कोणाचीच नसते. सावळ्या पोटावर ती लावली की बँडेज बांधल्यासारखं दिसतं. बॅलेतल्या सावळ्या मुली वर्षानुवर्षं गुलाबी बुटांवर स्वतःच्या रंगाचं फाउंडेशन फासत आल्या. लंडनच्या फ्रीड कंपनीने तपकिरी पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट) काढले ते २०१८ मध्ये. आपल्या रंगाची जाळी दुकानात येईपर्यंत आपण चहा वापरू. जाळी नायलॉनची घ्या, पॉलिएस्टर चहा धरत नाही. दोन लिटर पाण्यात सहा-सात चमचे चहापत्ती उकळून गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला, जाळी साध्या पाण्यात ओली करून त्यात सोडा. दर पाच मिनिटांनी बाहेर काढून स्वतःच्या पोटाला लावून बघा. हाताला लावून बघू नका, हात उन्हाने रापलेले असतात. ओली जाळी गडद दिसते, वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून हवा त्याहून थोडा गडद रंग आला की काढा. पहिल्यांदा माझ्या रंगाची जाळी माझ्या पोटावर बसली तेव्हा मी ती हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून होते. मेकअपलाही हेच लागू आहे. चेहऱ्याला दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं तर दिव्याखाली चेहरा आणि पोट वेगवेगळं दिसतं.

घरच्यांचं प्रत्येकीचं वेगळं असतं. आईने महिनाभर अबोला धरला होता. आजी भंडाऱ्याकडची, भाताच्या रोवणीला म्हणजे लावणीला जाणारी. तिला मी मोबाइलवर सरावाचा व्हिडिओ दाखवला. ती शेवटपर्यंत बघून म्हणाली, "आमी रोवणीले जात होतो तवा लुगडं गुडघ्याच्या वर खोसत होतो. पायाकडं कोन पायते? रोवणी सरळ येते का तेच पायत." आईने ते ऐकलं. पुढच्या शोला ती ग्रीनरूममध्ये पिनांचा डबा घेऊन बसली होती. सगळ्यांच्या घरी अशी आजी नसते, हे मला माहीत आहे. घरी पटलेलं नसेल तर जाळी आणि लांब घागरा घालून सुरुवात करा. नाच तोच राहतो.

शो घेण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: कपडे बदलायला कडी असलेली वेगळी खोली आहे का, स्टेज किती उंच आहे, आणि फोटो-व्हिडिओ कोण काढणार आहे. एका संगीताच्या कार्यक्रमात मला जेवणाच्या हॉलमधून चालत स्टेजवर जायला लावलं आणि लोक मोबाइल घेऊन मागे आले. तेव्हापासून स्टेजच्या पायरीपर्यंत मी सैल काफ्तान घालते आणि उतरल्यावर तो आधी अंगावर चढवते. ड्रेस स्टेजवरचा आहे. जेवणाच्या रांगेत तो घालून उभं राहण्याची सक्ती कोणी करत असेल तर नाही म्हणा. मी दोन शो असे सोडले आहेत.

आणि स्वतःचा व्हिडिओ त्याच रात्री बघू नका. मी बघितला होता. चार मिनिटांत मला पोटाशिवाय काही दिसलं नाही. आठ दिवसांनी आवाज बंद करून परत लावला. डावा हात प्रत्येक वळणावर अर्धा ठोका उशिरा येत होता. तो सुधारायला मला तीन आठवडे लागले.