पोरांना स्वप्नाची गोष्ट रचून सांगायची तर

नायक आपल्याकडचाच घ्या भो, गरुड-सिंह नको. समजा भुसावळकडचं एक गोऱ्हं आहे न त्याला चांगदेवला जायचंय, पूर्णा तापीला मिळते तिथे. स्वप्न असं डोळ्यांपुढे दिसणारं पाहिजे, नुसतं "मोठं व्हायचंय" म्हटलं की पोरं जांभया देतात.

मग अडचण टाका, पण खरी. मे महिना, तापलेला डांबरी रोड, खूर भाजतायत आणि वाटेत केळीच्या बागेत एक म्हातारी गाय म्हणते, राहा ना रे इथेच, सावली आहे, पाला आहे. इथे घाई करू नका, गोऱ्ह्याला मोह पडू द्या, दोन दिवस राहू पण द्या, नाहीतर गोष्ट खोटी वाटते. देवबिव आणून तर अजिबात सोडवू नका.

संगमावर पोचेस्तोवर वाटेतलं पाणी कुठे कुठे आहे ते त्याला पाठ झालेलं असतं, आता तहानलेली गुरं त्याच्याच मागे चालतात. एवढं सांगून गप्प बसायचं, तात्पर्य विचारायचं नाही.

मोठी पोरं म्हणालीच की खरं काहीतरी सांगा, तर चाळीसगावचे केकी मूस सांगा. जन्म १९१२ चा, विलायतेत शिकून आले न घरातच टेबलावर देखावे मांडून फोटो काढत बसले. ते घर आता म्युझियम आहे, पोरांना नेऊन दाखवा.