कलर सेंटरवर काम करताय? मग या चुका टाळा

कलर सेंटर म्हणजे क्रिस्टलमधले रंग देणारे दोष. त्यांच्यावरच्या एमएस्सी प्रोजेक्टला मुलं अल्कली हॅलाइड (मीठ, पोटॅशियम क्लोराइड वगैरे) क्रिस्टल घेतात कारण सोपं वाटतं, मीठच तर आहे, गॅमा किरण दिले की रंग येणार, कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा स्पेक्ट्रम काढला की झालं. रंग येतो हे खरंय. पण गॅमाच्या सोर्समधून बाहेर काढल्यापासून स्पेक्ट्रमच्या मशीनमध्ये ठेवेपर्यंत त्या क्रिस्टलचं जे जे होतं तेही सगळं स्पेक्ट्रममध्ये उतरतं, आणि रिपोर्टमध्ये ते सरळ रेडिएशनच्या नावावर जातं. हे बघून बघून वैताग आलाय म्हणून लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे उजेड. एफ सेंटर म्हणजे निगेटिव्ह आयनच्या रिकाम्या जागेत अडकलेला इलेक्ट्रॉन. पोटॅशियम क्लोराइडमध्ये तो ५६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, म्हणून क्रिस्टल जांभळा दिसतो. आता हाच प्रकाश उन्हात भरपूर असतो, ट्यूबलाइटमध्येही असतो. रूम टेंपरेचरला या उजेडात इलेक्ट्रॉन सुटतो, रिकाम्या जागा सरकायला लागतात आणि दोन एफ सेंटर शेजारी येऊन एम सेंटर बनतं. म्हणजे स्पेक्ट्रममधला एफ सेंटरचा पट्टा, एफ बँड, उतरतो आणि ८२० नॅनोमीटरच्या आसपास एम सेंटरचा नवीन बँड उगवतो.

आमच्याकडे एका मुलाने मुंबईहून कोबाल्ट ६० च्या गॅमा सोर्सवर सॅम्पल इरॅडिएट करून आणले. पारदर्शक झिप पाऊचमध्ये, बसमध्ये खिडकीशी बसून, भर दुपारी, आणि पुण्यात पोचल्यावर पाऊच टेबलावर तसंच, वर ट्यूबलाइट चालू. स्पेक्ट्रममध्ये एफ बँड बारीकसा आणि एम बँड झकास. त्याने लिहिलं, जास्त डोसमुळे एम सेंटर तयार होतात. जास्त डोसला ते थोडेफार होतात हे बरोबर, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. मी एवढंच विचारलं, आणलेस कसे? मग त्याच क्रिस्टलचे ताजे तुकडे काढून सारखा डोस दिला, अर्धे फॉइलमध्ये आणि अर्धे उघड्यावर ठेवले. फॉइलमधल्यांचा एफ बँड ताठ, एम जेमतेम. उघड्यावरच्यांचा स्पेक्ट्रम हुबेहूब त्याच्या थिसिससारखा. आख्खं चॅप्टर पुन्हा लिहावं लागलं बिचाऱ्याला.

माझी सवय अशी की सॅम्पल फॉइलमध्ये गुंडाळूनच सोर्समध्ये जातो, फॉइलने गॅमाला काही फरक पडत नाही, आणि नंतर ते फॉइल फक्त अंधाऱ्या खोलीत उघडायचं. लाल दिवा मिठाला आणि पोटॅशियम क्लोराइडला बऱ्यापैकी चालतो, पण पोटॅशियम ब्रोमाइडचा एफ बँडच ६३० च्या आसपास आहे, तिथे लाल दिवा म्हणजे शत्रू. डायोड अ‍ॅरे मशीन असेल तर अजून जपा, त्यात आख्खा पांढरा प्रकाश सॅम्पलवर पडतो, एकच स्कॅन घ्या आणि शटर बंद.

दुसरी चूक, जिचा मला जास्त राग येतो कारण ती निव्वळ घाईतून होते. डोस वाढवत गेले, एफ बँड एका उंचीवर थांबला, लगेच लिहून मोकळे की सॅच्युरेशन आलं, म्हणजे आता आणखी सेंटर बनत नाहीत. अरे, अ‍ॅब्सॉर्बन्स ३ म्हणजे हजारातला एकच भाग प्रकाश पलीकडे जातोय, त्याच्या वर साध्या मशीनला स्ट्रे लाइटच (मशीनमध्ये इकडून तिकडून घुसलेला भटका प्रकाश) दिसतो. बँडचं डोकं सपाट दिसलं की क्रिस्टलवर नाही, मशीनवर संशय घ्या. उपाय काय, क्रिस्टल क्लीव्ह करून (त्याच्या सपाट पातळीवर फोडून) जाडी निम्मी करा. रंग आतपर्यंत सारखा असेल तर अ‍ॅब्सॉर्बन्सही निम्मा व्हायला हवा. नाही झाला तर आधीचा आकडा खोटा होता. दहा मिनिटांचं काम आहे, तरी कोणी करत नाही, सगळ्यांना ग्राफ पाहिजे आजच्या आज.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात क्रिस्टल उघडे ठेवू नका. हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं, पृष्ठभाग दुधाळ होतो आणि यूव्हीकडे बेसलाइन चढत जाते. तिला काहीजण चक्क व्ही बँड (यूव्हीमध्ये येणारा दुसऱ्या दोषांचा बँड) म्हणतात! शिखर नसेल, नुसता चढ असेल, तर ते स्कॅटरिंग. ताजं क्लीव्ह करा, चढ गेला तर तो पृष्ठभागाचाच होता. सिलिका जेल निळं आहे का बघा, गुलाबी झालेलं तसंच डेसिकेटरमध्ये पडून असतं.

लिथियम फ्लोराइड पिवळा दिसतो म्हणून ४५० च्या बँडला एफ म्हणू नका, त्याचा एफ २५० ला आहे.

काचेच्या बाटलीतून सॅम्पल देऊ नका असं नाही, पण गॅमाने काचही तपकिरी होते, तेव्हा मोजताना बाटलीतून काढा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे क्रिस्टल एकाच ग्राफवर टाकू नका. कॅल्शियमसारखी थोडी अशुद्धी असली तरी सुरुवातीचा रंग चढण्याचा वेग बदलतो, आणि मग डोसचा परिणाम कुठला आणि अशुद्धीचा कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि स्माकुलाच्या सूत्रात, म्हणजे बँडवरून सेंटरची संख्या काढायच्या सूत्रात, अ‍ॅब्सॉर्बन्स तसाच टाकू नका. आधी २.३०३ ने गुणायचा, मग सेंटिमीटरमधल्या जाडीने भागायचा. मिलिमीटर घातले तर सेंटरची संख्या दहापट चुकते, आणि असे आकडे व्हायवाला घेऊन येणारे दरवर्षी भेटतात.