जलरंगातील चित्राच्या विक्रीयोग्य प्रती कशा काढाव्यात

चित्र बोर्डावरच पूर्ण वाळू द्यावे, टेप काढावी आणि कागदाला बाक आला असेल तर मागची बाजू किंचित ओलसर करून दोन स्वच्छ कागदांमध्ये रात्रभर वजनाखाली ठेवावे. फ्रेमसाठी देण्यापूर्वीच त्याची प्रतिमा घ्यावी, कारण काचेआड गेलेल्या चित्राची नेमकी प्रतिमा पुढे मिळत नाही.

प्रतिमा मोबाइलवर घेऊन तीच छापायला द्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. मोबाइल आपणहून कडा धारदार करतो आणि रंग भडक करतो, आणि जलरंगाचे सारे सौंदर्य ज्या विरळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाणी घालून दिलेल्या रंगाच्या पातळ थरात, असते तोच आधी नाहीसा होतो. ए-थ्री आकाराची प्रत ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेलची प्रतिमा लागते. चित्र ए-फोर एवढे किंवा लहान असेल तर चांगला फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. त्यातील सर्व स्वयंचलित सुधारणा बंद कराव्यात आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. अर्धा इम्पीरियल, म्हणजे १५ गुणिले २२ इंचांचे चित्र असेल तर ट्रायपॉडवरचा कॅमेरा चित्राला अगदी समांतर लावावा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे ठेवावेत आणि एफ-८ छिद्रमाप व आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर, रॉ (कॅमेऱ्याने सुधारणा न केलेल्या) स्वरूपात, ग्रे कार्डासह (रंग जुळवायला उपयोगी पडणारे करडे कार्ड) छायाचित्र घ्यावे.

इथपर्यंतचे काम एका दुपारी उरकते. खरी अडचण त्यानंतर, रंग जुळवताना येते आणि बहुतेक मार्गदर्शक नेमके हेच एका ओळीत गुंडाळतात.

वाईजवळच्या मेणवली घाटाच्या चित्राच्या पंचवीस प्रती मी एकदम काढून घेतल्या होत्या. मूळ चित्रात आकाशाला फिकट पिवळा वॉश होता आणि पायऱ्यांवरची सावली कोबाल्ट निळ्या रंगाची होती. छापून आलेल्या प्रतींत आकाश कोरे पांढरे झाले होते आणि सावली जांभळी. एका ग्राहकाने प्रत मूळ चित्राशेजारी धरली आणि काही न बोलता परत ठेवली. मी छपाईवाल्याला दोष दिला, पण दोष माझा होता. रात्री, पिवळ्या दिव्याखाली, लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून मी रंग दुरुस्त केले होते. त्या पंचवीसही प्रती मी विकल्या नाहीत.

म्हणून पहिला नियम असा की पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवू नये. मॉनिटर शक्य असल्यास उपकरणाने कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचे रंग प्रमाणाशी जुळवून घ्यावेत. ते नसेल तर पडद्यावरचे कोरे पान शेजारी धरलेल्या पांढऱ्या कागदाइतकेच उजळ दिसेपर्यंत त्याचा उजेड कमी करावा. छापील प्रती काळपट येतात अशी जी नेहमीची तक्रार असते, तिचे कारण बहुधा प्रमाणाबाहेर उजळ ठेवलेला पडदाच असतो. छपाईवाल्याकडून त्याच्या छपाईयंत्राची आणि त्याच कागदाची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे ते यंत्र त्या कागदावर रंग कसे उतरवते हे सांगणारी फाइल, मागून घ्यावी आणि तिच्या आधारे प्रतिमा पाहावी. प्रोफाइल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडे काम देऊ नये.

दुसरे, अख्खे चित्र छापून चाचणी घेऊ नये. चित्रातल्या सर्वांत अवघड जागा निवडाव्यात: सर्वांत फिकट वॉश, सर्वांत गडद सावली आणि एखादा मातकट रंग. त्यांच्या मूळ मापाच्या पट्ट्या एकाच ए-फोर कागदावर छापून घ्याव्यात. शाई स्थिरावण्यासाठी एक दिवस थांबावे, मग दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात, पट्टी मूळ चित्राला टेकवून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा. जांभळी पडलेली निळी छटा दुरुस्त करताना फक्त निळ्यालाच हात लावावा. संपूर्ण चित्राची रंगतीव्रता वाढवणे ही घाई आहे आणि तिने फिकट वॉश मरतात. तीन-चार फेऱ्या लागतात, त्या लागू द्याव्यात. ऑपेरा रोझसारखा झगझगीत गुलाबी मात्र शाईत उतरतच नाही, आणि तो उन्हाने लवकर उडतोही. प्रती काढायच्या चित्रात तो वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. पट्टी जुळली की एक पूर्ण प्रत काढून, तीवर तारीख घालून, ती अंधाऱ्या फोल्डरमध्ये प्रमाण म्हणून ठेवावी आणि पुढची प्रत्येक प्रत तिच्याशी ताडून पाहावी.

कागद आम्लमुक्त, शंभर टक्के सुती आणि मॅट असावा, शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) असावी. चकचकीत फोटो पेपरवर जलरंग कधीही छापू नये.

प्रती मर्यादित ठेवायच्या असतील तर खालच्या समासात डावीकडे पेन्सिलीने ७/२५ (पंचविसांपैकी सातवी प्रत) असा क्रमांक आणि उजवीकडे सही करावी. एकदा पंचवीस हा आकडा जाहीर केला की त्याच चित्राची सव्विसावी प्रत दुसऱ्या मापातही काढू नये. किंमत ठरवताना छपाई, चाचण्या, पॅकिंग, कुरिअर आणि वाया जाणाऱ्या प्रती हे सारे आधी मांडावे. प्रत म्हणजे दुय्यम वस्तू, असे मानून ती मातीमोल विकणे मला मान्य नाही. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर पोहोचली, ती प्रतींमुळेच.

मूळ चित्र विकले तरी लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. मात्र कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क त्या ग्राहकाचा असतो. त्यामुळे काम घेतानाच प्रती काढण्याचा हक्क आपल्याकडे राहील, असे लिहून घ्यावे.

ए-थ्रीपर्यंतच्या प्रती दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवाव्यात, मोठ्या प्रती रुंद नळीत. पावसाळ्यात त्या आधी प्लास्टिकमध्ये सीलबंद कराव्यात आणि तेही कोरड्या दिवशी, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेरच्या पावसाइतकाच कागद बिघडवतो.