या चुका टाळा: रात्री धक्क्यावर गरवताना मोठी चणक लागली तर

गोव्यात रात्री गरवायला (गरी टाकून मासे धरायला) बसणारे काय कमी नाहीत. बेतीमचा धक्का घ्या, केरी-तेरेखोलचा फेरीधक्का घ्या, दिव्याखाली दोघं-तिघं असतातच, बाजूला थर्मास आणि डब्यात आमिषाला जिवंत सुंगटं (कोळंबी). जास्त करून सांगटंच (मिशावाले काटेरी मासे) लागतात, नशीब असेल तर तांबसो हा लाल मासा. पण कधीतरी रॉड असा वाकतो की सगळे ताडकन उभे राहतात, आणि तेव्हा कळतं की मासा लावायची तयारी करून आलोय, वर आणायची आणि धड परत सोडायची कोणाचीच नाही.

मी पण त्यातलाच. पहिली मोठी चणक लागली (रायगडकडे जिताडा म्हणतात तोच मासा) तेव्हा जाळं नव्हतं, ओहोटी लागलेली, पाणी चांगलं माणूसभर खाली, आणि मी शहाणा लाइन हाताला गुंडाळून ओढत सुटलो. निम्म्यावर माशाचा ओठ फाटला, तो खांबावर आपटून पाण्यात पडला, माझा हात कापला तो वेगळाच. एवढी मोठी परत पाण्यात सोडायचीच होती ना, असं स्वतःला समजावलं, पण त्याला सोडणं म्हणत नाहीत.

तर पहिली चूक हीच, ड्रॉप नेट नसणं. कुर्ल्या धरायला गोल रिंगणाची जाळी सोडतात ना, तसलीच पण मोठी, तीन-चार दोऱ्यांनी तोलून धरलेली. मासा दमला की जाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवायचं आणि माशाला त्यावर आणायचं, जाळं माशामागे पळवायचं नाही. हे एकट्याचं काम नाही, एक रॉडवर, एक दोरीवर. आणि दोरी भरतीच्या वेळी मोजू नका बाबांनो! अमावास्या-पुनवेला आपल्याकडे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भरतीला पुरलेली दोरी ओहोटीला हवेत लोंबकळते.

दुसरी चूक म्हणजे बारीक लाइन. "हलक्या सेटअपवर मजा येते" म्हणणारे भेटतात, मजा तुमची, मासा मात्र अर्धा तास झुंजून इतका दमतो की सोडला तरी वाचेल याची गॅरंटी नाही. त्यात धक्क्याच्या खांबांना कालवं असतात, लाइन घासली की संपलं, आणि मग तोंडात गरी घेऊन मासा तसाच फिरतो. चणकीच्या गालफडाची कडपण ब्लेडसारखी असते, म्हणून पुढे चाळीस-साठ पौंडाची जाड लीडर (गरीजवळचा लाइनचा तुकडा) लावा. दिवा असेल तिथे चणक उजेडात नाही, सावलीच्या कडेला खांबाजवळ दबा धरून असते, म्हणजे लागली की पहिली धाव खांबाकडेच. तिथेच दाबून धरायची, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल ठेवून बघत बसायचं नाही.

गरीचं म्हणाल तर तीन काट्यांची नकोच. जिवंत आमिषाला सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) लावा, बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच बसते, फक्त त्याला झटका मारायचा नाही, नुसतं गुंडाळत जायचं. झटका मारायची सवय जाता जात नाही, माझी अजून गेली नाही. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून टाका. तरी कधी गरी पोटात गेलीच तर खोदत बसू नका, लाइन तोंडाजवळ कापा, मासा त्यात जास्त वाचतो.

वर आल्यावर मग फोटोचा कार्यक्रम. कोरड्या सिमेंटवर मासा आपटतो, अंगावरचा चिकट थर निघतो, तोच थर त्याचं रोगापासून रक्षण करतो. कोणी कोरड्या टॉवेलने धरतं, कोणी कल्ल्यात बोटं घालून उभा टांगतं. पाच-सहा किलोचं धूड असं टांगलं की सगळा भार जबड्यावर आणि मानेच्या सांध्यावर येतो. हात ओले करा, एक हात जबड्याजवळ, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. फोटोवाल्याने कॅमेरा आधी चालू ठेवायचा. किती वेळ? मी मासा पाण्याबाहेर काढला की स्वतःचा श्वास रोखतो, मला घुसमटलं म्हणजे त्याला कधीचंच घुसमटलंय.

आणि सगळ्यात मोठी चूक, वरून फेकून देणं. फेकायचा नाही, त्याच ड्रॉप नेटमधून खाली न्यायचा. जाळं पाण्याखाली ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे येईल असं बघायचं आणि थांबायचं. पायऱ्या असतील तर खाली बसून हाताने धरता येतो, पण शेवाळ बघून, आणि फेरी येत असेल तर रॅम्पवर अजिबात नको. पुढे-मागे हलवतात ते चुकीचं, मागे ओढला की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. कुशीवर पडला तर सरळ करून धरा, शेपटीत जोर आला की तो स्वतःच निघतो, पाच मिनिटं लागली तरी लागू द्या.

"चणक सोडतोस? रवा लावून तळली असती की!" हे ऐकावंच लागतं, मीही काही संत नाही, दीड-दोन किलोची घरी नेतो. पण चणक आधी नर असते आणि मोठी झाल्यावर मादी होते. म्हणजे भलीमोठी लागली ती बहुतेक मादीच, लाखोंनी अंडी घालणारी. ती एक खाल्ली की किती जणींचं काम गेलं बघा.

पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) लागली तर तिला वर आणूच नका, लाइन कापा. सांगटाचा काटा तर हमखास कोणाला तरी लागतो, अंधारात पायाखाली पडलेला असतो. काटा टोचला की सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जायचंच. म्हणून माझ्या दोन थर्मासांपैकी एकात चहा नसतो, नुसतं गरम पाणी, आणि दर वेळी कोणीतरी तोच उघडून कपात ओततो.