मज्जासंस्था मेंदूपासून नको, पायाच्या अंगठ्यापासून शिका

पुस्तकात मज्जासंस्था नेहमी मेंदूपासून सुरू होते, प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (छोटा मेंदू), मस्तिष्कपुच्छ (मेंदूचं खालचं टोक), आणि पोरं तिथेच अडकतात. माझ्या भाचीचं दहावीला हेच झालं, आकृती एक नंबर काढायची पण प्रश्न विचारला की गप्प. मग आम्ही पायापासून वर गेलो आणि दोन संध्याकाळींत विषय तिच्या डोक्यात बसला. तुम्हीही करून बघा, लागणार फक्त ३० सेंमीची पट्टी आणि सोबतीला एक जण.

आधी ठेच आठवा. उंबऱ्याला अंगठा आपटला की पहिल्यांदा सणकन कळ जाते आणि सेकंदभराने ठणका सुरू होतो, बरोबर ना? हे दोन वेगळे निरोप आहेत, निरोप नेणाऱ्या वेगवेगळ्या बारीक धाग्यांवरून, म्हणजे तंतूंवरून, आलेले. कळ नेणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीसारख्या पदार्थाचं पातळ आवरण असतं, तो निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर पळतो, ठणक्याचे तंतू बारीक आणि बिनआवरणाचे, सेकंदाला साधारण १ मीटर, आणि अंगठा ते मेंदू अंतर दीड मीटरच्या आसपास, आता हिशोब तुम्हीच करा. आपण लगेच अंगठा चोळतो तेही उगाच नाही, स्पर्शाचे निरोप जाड तंतूंवरून मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या तंतूंच्या दोरात, पोचले की दुखण्याचे निरोप तिथेच थोडे अडतात, हे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं.

आता गुडघा, हा माझा सगळ्यात आवडता भाग. उंच पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसा, पाय जमिनीला टेकायला नको. गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने चाचपलं की जाड पट्ट्यासारखी कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) लागते, तिथे सोबतच्याने तळहाताच्या कडेने हलकेच मारायचं. पाय आपोआप पुढे उडतो. भाचीचा पाय आधी हललाच नाही, म्हणून तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावली आणि त्याच क्षणी मारलं तर पायातली चप्पल समोरच्या कपाटाला जाऊन लागली! ही खरी डॉक्टरी युक्ती आहे. काहींचा पाय तरीही जेमतेमच हलतो, लगेच घाबरू नका. यात मेंदूला कोणी विचारतच नाही, कंडरेला धक्का बसून मांडीचा स्नायू ताणला गेला, निरोप मेरुरज्जूत गेला, तिथूनच उलट हुकूम आला, सगळं दोन-तीन शतांश सेकंदात, मेंदूला नंतर कळतं. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

फरक बघायचा तर पट्टी घ्या. सोबतच्याने वरून धरायची, तुमची चिमटी शून्यापाशी उघडी ठेवायची, आणि त्याने न सांगता सोडायची. १५ सेंमीवर पकडलीत तर ०.१७ सेकंद लागले, २० वर पकडलीत तर ०.२. गुडघ्यापेक्षा किती जास्त वेळ, कारण इथे डोळा, मेंदू, निर्णय, मेरुरज्जू आणि मग बोटं असा सगळा प्रवास आहे.

कोपर आपटल्यावर करंट बसतो ती जागाही शोधा, आतल्या बाजूच्या हाडाच्या मागे. झिणझिण्या करंगळीत आणि अर्ध्या अनामिकेतच येतात, कारण कोपरामागून जाणारी चेता, म्हणजे निरोप नेणारी नस, त्या बोटांचीच आहे. अशा चेता मेरुरज्जूतून ३१ जोड्यांनी निघतात, आणि थेट मेंदूतून १२ जोड्या.

आता मेंदू सोपा जातो. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावा, ते नीट लागतं त्यात अनुमस्तिष्काचा मोठा हात आहे. मग बसूनच श्वास रोखा. रोखायचं ठरवलं प्रमस्तिष्काने, पण थोड्या वेळात छाती आतून धडका द्यायला लागते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो आणि मस्तिष्कपुच्छ तुमचं ऐकायचं बंद करतं. तिथे सोडून द्या, ताणू नका.