गोव्यात नवीन आलात आणि पोरांना भुताची पार्टी हवीये, तर आधी हे वाचा

दरवर्षी ऑक्टोबर लागला की नवीन आलेली कुणीतरी आई विचारतेच, ताई हॅलोविनला मुलांसाठी काय करू, आणि मी दरवर्षी तेच तेच सांगते, म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून काढतेय. आम्ही २०११ ला सांगलीहून म्हापशाला आलो, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड, आणि आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं.

सगळ्यात आधी दिवस. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो, पण तीच तारीख धरून बसू नका. १ नोव्हेंबरला कॅथलिक लोकांचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरला त्यांच्या मृतांचा दिवस, म्हणजे आपला पितृपक्षच समजा. घरची माणसं फुलं मेणबत्त्या घेऊन सिमेट्रीत जातात, कबरी आधीच धुऊन पुसून ठेवलेल्या असतात. पुण्या-मुंबईत हे आपल्या लक्षातही येत नाही, इथे मात्र शेजारच्याच दारात असतं.

माझी चूक सांगते, कारण तीच चूक मी नंतर तीन घरांत होताना पाहिली. आमच्या दुसऱ्या वर्षी २ नोव्हेंबरलाच पार्टी ठेवली, मुलांची सोय म्हणून. मोठ्या ताटात पालकाची चटणी पसरली, म्हणजे गवत, त्यात सँडविचचे तुकडे उभे केले, म्हणजे थडगी, आणि प्रत्येकावर काकडीचा क्रॉस. फार हौसेनं केलं होतं, फोटो बिटो काढले. समोरच्या घरातली बाई मुलीला सोडायला आली ती थेट सिमेट्रीतूनच, त्याच वर्षी तिचे सासरे गेले होते. तिने ताटाकडे बघितलं, काही म्हणजे काही बोलली नाही, मुलीचा हात धरला आणि परत गेली. गोव्याची माणसं भांडत नाहीत हो, गप्प होतात, आणि ते जास्त लागतं. त्या नाताळात आमच्याकडे ताट आलं नाही. आदल्या वर्षी दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, बिबिंक असं सगळं आलं होतं, आणि त्या वर्षी बाजूच्या दोन्ही घरी गेलं पण आमच्याकडे नाही. मुलं सारखी विचारत होती. पुढच्या चतुर्थीला मी स्वतः नेवऱ्या घेऊन गेले आणि माफी मागितली, तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणून परत परत सांगते, खाण्यावर क्रॉस नको, थडगं नको, शवपेटी नको, कितीही गोंडस दिसत असली तरी नको.

दुसरं, नावं. आपल्याकडे भुतांच्या गोष्टीत वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण इथे बेताळ म्हणजे ग्रामदेव आहे, आमोण्याला, लोलयेला त्याची देवळं आहेत, लोक नवस बोलतात. (खरं तर आरवलीचा वेतोबा माहीत असलेल्या सिंधुदुर्गाच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, घाटावरच्यांना लागतं.) देवचाराचंही तसंच, तो गावाचा राखणदार. तेव्हा 'वेताळाची जीभ' वगैरे नावं ताटाला देऊ नका. चेटकीण, हडळ, खवीस चालतात.

मग करायचं कुणाचं? नरकासुराचं! इथे दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर पोरं कागद, गवत, बांबूचा नरकासुर करतात, लाल जीभ, मोठे दात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. हिंदू, कॅथलिक, सगळी पोरं बघायला येतात. डीजेचा आवाज मला अजिबात आवडत नाही, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, पण भीतीदायक पार्टीला याच्याइतका चांगला मुहूर्त नाही. संध्याकाळी सहा ते आठ खाणं उरका, मग सगळे मिळून नरकासुर बघायला जा. आणि खाणं तिखटमिठाचंच ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरोघरी फोव म्हणजे पोहे खायला बोलावतात, दुधातले, गुळातले, रोसातले म्हणजे नारळाच्या दुधातले, बटाट्याचे, शिवाय आपला फराळ. गोड खाऊन पोरं कंटाळतात.

आता पदार्थ. पोयीचा नरकासुर आमच्याकडे दरवर्षी होतो. पोयी म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ गोल पाव, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों पों वाजवत येतो त्याच्याकडे मिळतो. आदल्या दिवशी सांगून ठेवा, 'फाल्यां म्हाका वीस पोयो जाय', आणि हे कोकणीतच सांगा. मराठी इथे बहुतेकांना कळते, पण आपले लोक दहा दहा वर्षं राहून चार शब्द शिकत नाहीत आणि मग घाटी म्हणतात म्हणून तक्रार करतात, हे मला पटत नाही. पोयी संध्याकाळचीच घ्या, सकाळची चामड्यासारखी होते. पोराला कात्री द्या, एका कडेला तोंड कापू द्या, आत बटाट्याची सुकी भाजी भरायची. तोणाक, म्हणजे इथली रस्साभाजी, भरू नका, चवीला छान लागतं पण पोयी भिजून फाटते. लाल ढोबळी मिरचीची लांब जीभ बाहेर लोंबती ठेवायची, ओल्या खोबऱ्याच्या कातळ्यांचे दात, काकडीच्या चकतीचे डोळे, वर दह्याचा चक्का लावून त्यावर शेवेचे केस. शेव अगदी वाढताना! इथल्या हवेत उघडी शेव अर्ध्या तासात मऊ पडते. चकली, खारी, सगळ्याचं तेच. सांगलीची सवय असते ना सकाळीच मांडून ठेवायची, ती सोडा.

उकडीची भुतं ही माझी सगळ्यात लाडकी, कारण यात आईला काही कामच उरत नाही. दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल, उकळी आली की दोन वाट्या तांदळाचं पीठ, ढवळून झाकण, दोन मिनिटं मंद आच आणि मग गॅस बंद करून दहा मिनिटं तशीच. गरम उकड मळायचं काम मोठ्यांचं, हात भाजतो, नंतर कोमट झाली की परातीत मुलांच्या पुढे सोडून द्यायची. लिंबाएवढे गोळे केले तर पंधरा-सोळा होतात. आत पनीर नाहीतर चीज, वरून निमुळतं, खालून चादरीसारखं पसरलेलं, डोळ्यांना काळे तीळ. केळीच्या पानावर ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवायची. काही भुतं वाफेत वाकडी होतात, काहींचं चीज डोळ्यातून बाहेर येतं, येऊ द्या. तुम्ही मध्ये बोटं घालून ती सरळ करायला जाऊ नका, मी पहिली दोन वर्षं तेच करत होते आणि पोरं उठून टीव्हीसमोर जाऊन बसायची, ज्या दिवशी माझे हात मागे घेतले त्या दिवसापासून माझ्या मुलाने त्याने केलेलं प्रत्येक भूत खाल्लं, जो एरवी उकड दाखवली की पळायचा. बाजूला रक्त म्हणून आमसुलांचं सार, मीठ, जिरं, थोडा गूळ, लालभडक दिसतं. नारळाचं दूध घालू नका, गुलाबी होतं, मग कोण घाबरणार.

ममी सोप्या आहेत, पनीरच्या किंवा बेबीकॉर्नच्या कांडीभोवती कणकेच्या पट्ट्या गुंडाळा, ओव्हनला १८० वर वीस मिनिटं, डोळे नंतर लावा. चेटकिणीची बोटं पावाच्या पिठाची, नखाला अर्धा काजू. पण पाच वर्षांखालचं कुणी येणार असेल तर काजू नको, आणि ऑलिव्ह, सॉसेज असलं गोल काही असेल ते उभं चिरून लहान तुकडे करा, गोल चकती घशात अडकते. मी प्रत्येक पार्टीत दाराशी उभी राहून वयं विचारते, लोकांना वाटतं काय ही बाई, वाटू दे. ड्राय आइसचा धूर घरात नकोच, चटका बसतो आणि पोरं हात घालतातच.

आता चोरीस, म्हणजे गोव्याच्या पोर्क सॉसेजबद्दल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा लटकलेल्या दिसतात, छोटे मणी तर भुताच्या माळेसारखेच, मोह होतो. पण ते कच्चं पोर्क असतं, कणकेत गुंडाळून थेट ओव्हनला लावू नका, आधी कांदा आणि पाणी घालून नीट शिजवा. शिवाय व्हिनेगर आणि मिरची इतकी की लहान मुलं रडतात. आमंत्रण देतानाच विचारा, पोर्क कोण खात नाही, अंडं कोण खात नाही, त्या दिवशी सोमवार आहे का, कारण इथे बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी मासेसुद्धा नसतात. पोर्कचं ताट वेगळं, चिमटा वेगळा, आणि ते ताट मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

बाजारात त्याच दिवसांत कारीटं येतात, छोट्या गोल काकडीसारखी, पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडायची असतात ती. त्यांच्यावर डोळे काढून राक्षसांची डोकी मस्त होतात, पण ताटापासून लांब मांडा. एका पाहुण्या पोराने कडकडून चावा घेतला होता आणि पूर्ण संध्याकाळ थुंकत बसलं होतं, इतकी कडू.

उकड जरा जास्तच करा. उरलेल्या गोळ्यात मिरची, जिरं, कोथिंबीर घालून चपट्या निवगऱ्या थापून ठेवा, पहाटे चार-पाचला नरकासुर जाळून पोरं काळ्या हातांनी घरी येतात तेव्हा वाफवून द्या, वर खोबरेल तेल.