जर्मन गीतांतील ठिपक्यांचे स्वर: आरशासमोरची एक युक्ती

शूबर्ट किंवा शूमान या संगीतकारांची जर्मन गीते शिकताना, ज्या ‘यू’ आणि ‘ओ’ अक्षरांवर दोन ठिपके असतात (ü, ö) त्यांचे स्वर आपल्या तोंडून साधे ‘ऊ’ आणि ‘ओ’ असे निघतात, आणि मग ‘सुंदर’ या अर्थाचा शब्द (schön) ऐकणाऱ्याला ‘आधीच’ (schon) असा ऐकू येतो.

१. आरशासमोर उभे राहून सोयीच्या एका सुरावर ‘ई’ धरावी.
२. श्वास न तोडता आणि जीभ मुळीच न हलवता, केवळ ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करावेत. जो आवाज येईल तोच ठिपक्यांचा यू.
३. ‘ए’ धरून ओठ ‘ओ’सारखे केले की ठिपक्यांचा ओ मिळतो.

लांब सुरावर जीभ हळूच मागे सरकते, म्हणून मधूनच ओठ पसरून पाहावेत: ‘ई’ परत ऐकू आली तर जीभ जागेवर आहे.

जर्मन ‘झेड’ मात्र मराठी माणसाला जवळजवळ फुकट मिळतो, कारण तो ‘चमचा’मधल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे. ‘मी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या (ich) शेवटी ‘श’ म्हणू नये. त्याऐवजी ‘ह्या’तला ‘ह्य’ कुजबुजल्यासारखा सोडावा.

एक सावधगिरी: ही कृती दीर्घ स्वरांची आहे, ऱ्हस्व स्वरांत जीभ आणि ओठ दोन्ही थोडे सैल ठेवावे लागतात.